व्हायब्रेशन प्लेट आणि खुर्चीतून उठणं: प्रकल्प नोंदी

१० जून

व्हायब्रेशन प्लेट, म्हणजे वर उभं राहायची थरथरणारी फळी, आज बसवून झाली. भिंतीला चिकटवली नाही. मागे एक खुर्ची आणि खुर्चीमागे एक माणूस मावेल एवढी जागा सोडली आहे. समोर धरायला दांडा आहे. त्यावर पूर्ण भार टाकून पाहिला, हलत नाही.

हा प्रकल्प कोणासाठी आहे ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते, कारण नवं यंत्र आलं की सगळ्यांनाच त्यावर उभं राहायचं असतं. जे ज्येष्ठ सकाळच्या व्यायामवर्गात अर्ध्या बैठका काढतात, हलकी वजनं उचलतात, त्यांना या प्लेटची गरज नाही. आपल्याला हवे आहेत ते वर्गाच्या कडेला बसून राहणारे. खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. बैठक जमत नाही म्हणून ते बसून राहतात, आणि बसून राहिल्याने उरलेली ताकदही जाते. या चक्रात बाहेरून कुठे हात घालता येईल, एवढंच शोधायचं आहे.

निवडीसाठी लिंडा फ्रीड यांच्या गटाने २००१ साली मांडलेले जर्जरपणाचे पाच निकष घेतले आहेत: वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलोहून जास्त वजन उतरणं, सतत थकवा, मुठीची पकड कमी होणं, चालण्याचा वेग मंदावणं आणि एकूण हालचाल घटणं. तीन किंवा जास्त लागू पडले तर जर्जर, एक-दोन असतील तर उंबरठ्यावर. वय हा त्यात निकष नाही, आणि ते योग्यच आहे. नव्वदीची व्यक्ती ताठ चालताना पाहिली आहे आणि सत्तरीतली भिंत धरून चालतानाही.

प्रकल्पाचा प्रश्न एका ओळीत: प्रकल्पाच्या शेवटी हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का?

१३ जून

प्रकल्पात काम करणाऱ्या नव्या मुलींना यंत्र कसं काम करतं ते समजावलं. त्यातला गाभा इथे उतरवते.

कंपनाने बरं करण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनच्या गुस्ताव्ह झांडर यांनी एकोणिसाव्या शतकातच थरथरणारी व्यायामयंत्रं बनवली होती आणि पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को १८९२ च्या सुमारास कंपवाताच्या रुग्णांना हलणाऱ्या खुर्चीत बसवत होते. शरीरशास्त्राचा धागा मात्र नंतर सापडला. हागबार्त आणि एकलुंड यांनी १९६६ मध्ये दाखवलं की स्नायूवर किंवा त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेवर कंपन दिलं की तो स्नायू आपोआप आकुंचन पावतो. स्नायूच्या आत ताण ओळखणारे सूक्ष्म तर्कू असतात. ते दर थरथरीला ताणले जातात, मज्जारज्जूला निरोप जातो आणि परत येताना आकुंचनाचा हुकूम घेऊन येतो. माणसाने ठरवून जोर लावण्याची गरज पडत नाही.

जर्जर माणसाच्या बाबतीत आकर्षण आहे ते इथेच. ज्याला गुडघे फारसे वाकवता येत नाहीत, त्याच्याही पोटऱ्या आणि मांड्या नुसतं उभं राहून काही प्रमाणात कामाला लागतात. पण हागबार्त-एकलुंड यांचे प्रयोग एकेका स्नायूवर थेट कंपन देऊन झाले होते. पायाखालच्या प्लेटवरून तेवढाच परिणाम मांडीपर्यंत पोचतो, असं गृहीत धरायचं नाही, हे मुलींना दोनदा सांगितलं.

प्लेट दोन प्रकारच्या. एकीत अख्खी फळी सरळ वर-खाली होते, दोन्ही पाय एकदम उचलले जातात. दुसरीत फळी मधल्या आसावर सी-सॉसारखी झुलते, एक पाय वर तर दुसरा खाली. आपली दुसऱ्या प्रकारची आहे. या झुलत्या प्लेटवर पाय मधल्या रेषेपासून जितके लांब, तितका त्यांचा वर-खाली प्रवास जास्त. म्हणजे वारंवारितेचं (सेकंदाला किती थरथरी, हर्ट्झमध्ये) बटण न छेडता, नुसते पाय दोन बोटं बाहेर सरकवले तरी मात्रा बदलते. म्हणून प्लेटवर रंगीत पट्टी चिकटवून तीन खुणा केल्या. आतली हिरवी, मधली पिवळी, बाहेरची लाल. पहिले काही आठवडे लाल खुणेवर कोणीही उभं राहायचं नाही.

१६ जून

आजचा दिवस मोजमापात गेला आणि सार्थकी लागला.

अभियंता सहकाऱ्याने छोटा त्वरणमापक आणला. प्लेट रिकामी असताना, मग सुमारे ७० किलोचा माणूस उभा करून, तिन्ही खुणांवर वाचन घेतलं. पडद्यावर दिसणारा आकडा आणि पायाखाली घडणारी गोष्ट यांत अंतर असू शकतं, त्यामुळे आमच्या नोंदवहीत पडद्यावरचा आकडा नाही, मोजलेला आकडा जाईल.

हिशेब सगळ्यांना पाठ हवा: कमाल त्वरण म्हणजे वारंवारितेला २π ने गुणून आलेल्या संख्येचा वर्ग, गुणिले आयाम (फळी मधल्या स्थितीपासून किती वर-खाली जाते ते). वारंवारिता वर्गात असल्यामुळे ती दुप्पट केली की त्वरण चौपट होतं. उदाहरणं फळ्यावर सोडवली:

१२ हर्ट्झ आणि दीड मिलिमीटर आयाम: गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.९ पट.
१२ हर्ट्झ आणि ४ मिलिमीटर: २.३ पट.
२० हर्ट्झ आणि ४ मिलिमीटर: ६.४ पट.
३० हर्ट्झ आणि फक्त १ मिलिमीटर: ३.६ पट.

त्वरण गुरुत्वाच्या एक पटीपलीकडे गेलं की फळी खाली जाताना तळव्याखालून निसटते आणि वर येताना तळव्यावर आपटते. तरुण माणसाचे घोटे आणि गुडघे हा मार झेलतात. ज्याच्या पोटऱ्याच सुकल्या आहेत त्याच्या बाबतीत तो मार थेट मणक्यापर्यंत जाऊ शकतो. बाजारातल्या माहितीपत्रकांत ‘लेव्हल’ म्हणून जो एकच आकडा असतो, त्यातून यातलं काहीच कळत नाही.

आणखी एक घोळ वाचनात सतत भेटतो. कोणी मधल्या स्थितीपासून टोकापर्यंतचं अंतर आयाम म्हणून देतं, कोणी खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचं. दुसरं अंतर पहिल्याच्या दुप्पट, म्हणजे त्यावरून काढलेलं त्वरणही दुप्पट. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने कंपन-अभ्यासांची माहिती कशी द्यावी याच्या शिफारशी केल्या, त्यामागे असाच गोंधळ होता. आपण कायम मधल्या स्थितीपासूनचं अंतर लिहायचं.

हेही फळ्यावर काढलं: हाडांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अतिमंद प्लेट ०.३ पट त्वरणावर चालतात. ३० हर्ट्झला हे जेमतेम ०.०८ मिलिमीटर होतं. डोळ्याला दिसतही नाही. आपली प्लेट आणि ती प्लेट ही वेगळी साधनं आहेत. एकीचे निष्कर्ष दुसरीला चिकटवायचे नाहीत.

२० जून

वाचन. डॉक्टरांनी विचारलं होतं, “हाडांसाठी उपयोग आहे की नाही, ते एकदा नक्की सांगा.” लिहिते.

सुरुवात मेंढ्यांपासून होते. क्लिंटन रुबिन यांच्या गटाने २००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापलं की प्रौढ मेंढ्यांच्या मागच्या पायांना रोज २० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, वर्षभर ३० हर्ट्झचं ०.३ पटीचं कंपन दिल्यावर मांडीच्या हाडातल्या जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्के जास्त भरली. या आकड्याने अनेक यंत्रं खपवली. माणसांत काय झालं? २०११ च्या कॅनडातल्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या २०२ स्त्रिया होत्या. त्यांतल्या कंपन गटांतल्या वर्षभर रोज २० मिनिटं अशा मंद प्लेटवर उभ्या राहिल्या. घनतेत फरक नाही. २०१५ च्या अमेरिकी अभ्यासात सरासरी ८२ वर्षांचे १७४ जण होते, रोज १० मिनिटं, दोन वर्षं. तिथेही नाही. जोरदार कंपनाच्या बाजूने बेल्जियमचा २००४ चा अभ्यास आहे, ७० स्त्रिया, सहा महिने, खुब्याच्या घनतेत ०.९३ टक्के वाढ. पण त्या जर्जर नव्हत्या, प्लेटवर बैठका काढत होत्या.

माझं मत: आपल्या संमतीपत्रकात ‘हाडं मजबूत होतील’ हे वाक्य येता कामा नये. कोणाला ठिसूळ हाडांची औषधं चालू असतील तर ती प्लेटच्या भरवशावर बंद होता कामा नयेत. हे पत्रकात ठळक छापायचं.

पडण्याबद्दल चित्र जास्त आशादायक आहे. हाँगकाँगमध्ये ७१० ज्येष्ठ स्त्रियांच्या अभ्यासात एका गटाने १८ महिने मंद कंपन घेतलं, दुसऱ्याने नाही. पडलेल्यांचं किंवा हाड मोडलेल्यांचं प्रमाण कंपन गटात १८.६ टक्के, दुसऱ्या गटात २८.७ टक्के. हाडांची घनता इथेही तशीच राहिली, सुधारली ती मांडीची ताकद आणि तोल. म्हणजे लाभ झाला तो स्नायू आणि तोलाच्या वाटेने. अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या २०१७ च्या विश्लेषणातही पडण्याचा दर सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला.

वृद्धाश्रमातल्या अशक्त लोकांवरचे अभ्यास आपल्याला सर्वांत जवळचे. २००५ मध्ये बेल्जियममध्ये असे दोन झाले. एकात ४२ जण होते, सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, एक-एक मिनिटाच्या चार फेऱ्या आणि मध्ये दीड मिनिट विश्रांती. दुसऱ्यात २४ जण. दोन्हींत उठून चालून परत बसण्याची चाचणी आणि तोल सुधारला. मग २०१४ मध्ये तिथेच ६२ जणांवर सहा महिने प्रयोग झाला आणि चालण्यात काही फरक पडला नाही. तिथे एका वेळी पंधरा सेकंदांच्या पाचच फेऱ्या होत्या, सगळी मिळून सव्वा मिनिट. मला वाटतं मात्रा इतकी कमी असेल तर ‘उपयोग नाही’ असंही म्हणता येत नाही आणि ‘आहे’ असंही.

आणि या सगळ्याच्या शेजारी १९९४ चा मारिया फियातारोन यांचा अभ्यास ठेवावा लागतो. वृद्धाश्रमातले १०० जर्जर लोक, सरासरी वय ८७, दहा आठवडे चांगल्या वजनांचा व्यायाम. ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग जवळपास १२ टक्क्यांनी. प्लेटच्या कुठल्याही अभ्यासात मला याच्या आसपास जाणारं काही मिळालेलं नाही. म्हणून प्लेट हे अंतिम ठिकाण नाही. वजनाच्या व्यायामापर्यंत जे पोचूच शकत नाहीत, त्यांना तिथवर नेता येतं का, ते बघायचं.

२३ जून

कोणाला घ्यायचं नाही याची यादी डॉक्टरांसोबत पक्की केली. पायाच्या शिरेत गुठळी, नुकतं मोडलेलं हाड, नुकती शस्त्रक्रिया, पेसमेकर, खुब्यात किंवा गुडघ्यात बसवलेला कृत्रिम सांधा, मिरगी, मूतखडे किंवा पित्तखडे, सरकलेल्या मणक्याचा चालू त्रास, पायावर न भरलेली जखम, उभं राहताच रक्तदाब कोसळण्याची सवय.

डोळे अनेकदा यादीतून सुटतात. मोतीबिंदूनंतर बसवलेलं भिंग कंपनानंतर सरकल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, डोळ्याच्या आत रक्तस्राव झाल्याच्याही. म्हणून डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास असेल तर नेत्रतज्ज्ञांची लेखी संमती असल्याशिवाय प्लेट नाही. एका आजींना यामुळे थांबवावं लागलं. त्या नाराज झाल्या. “मला कशाला वगळता? माझं मन तर तयार आहे.” त्यांना खुर्ची-व्यायामाच्या वेगळ्या वेळेत घेतलं, रोज न चुकता येतात.

२७ जून

पद्धत ठरली. चिठ्ठ्या टाकून दोन गट. कंपन गट प्लेट चालू असताना उभा राहील. स्थिर गट त्याच प्लेटवर, त्याच मुद्रेत, तेवढाच वेळ, तोच दांडा धरून, पण प्लेट बंद. यावर बरीच चर्चा झाली. एकीने विचारलं, “बंद प्लेटवर उभं करून त्यांचा वेळ का घालवायचा?” त्याचं उत्तर प्रकल्पाच्या मुळाशी आहे. गुडघे किंचित वाकवून तीस सेकंद उभं राहणं हाच या लोकांसाठी व्यायाम आहे. आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडणं, कोणीतरी नाव घेऊन हाक मारणं, हाही. यातलं काहीच न करणाऱ्या गटाशी तुलना केली, तर सगळं श्रेय यंत्राला जाईल.

सुरुवात १२ हर्ट्झ, हिरवी खूण. ३० सेकंद उभं, ६० सेकंद खुर्चीत. पाच फेऱ्या. आधी मुद्रा कठीण करायची, मग वेळ, वारंवारिता सगळ्यांत शेवटी. पायात नेहमी तेच पातळ तळव्याचे बूट, कारण जाड मऊ तळवा कंपन गिळून टाकतो.

१ जुलै

पूर्वचाचणी. शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी वापरतोय: तीन प्रकारे पाय ठेवून प्रत्येकी दहा सेकंद तोल, चार मीटर चालणं, आणि हात छातीवर बांधून खुर्चीतून पाचदा उठणं. एकूण १२ गुण. खुर्चीची पाच उठबस ११.२ सेकंदांच्या आत झाली तर ४ गुण, १६.७ सेकंदांहून जास्त लागले तर १, मिनिटभरात जमलीच नाही तर शून्य.

आजी क्र. ४ ची उठबस लिहून ठेवण्यासारखी आहे. हात छातीवर बांधल्यावर त्यांनी आधी पाय मागे ओढले, मग धड पुढे झुकवलं, नितंब जेमतेम उचलला आणि तिथेच थांबल्या. मांड्या थरथरत होत्या. दुसऱ्या प्रयत्नात उजवा हात आपोआप सुटून मांडीवर टेकला. नियमाप्रमाणे शून्य. “हात बांधले की पायांना विसर पडतो बघ,” असं म्हणाल्या. पाय कुठे अडतात ते अगदी स्पष्ट दिसलं: झुकणं जमतं, पण भार पायांवर आला की गुडघा सरळ करणारी ताकद नाही.

चिठ्ठीत त्या स्थिर गटात गेल्या.

६ जुलै

पहिली सत्रं. कंपन गटातल्या जवळपास प्रत्येकाने पहिल्याच फेरीत गुडघे सरळ कडक केले. घाबरलेला माणूस ताठ होतो, आणि ताठ गुडघ्यांतून कंपन थेट डोक्यापर्यंत जातं. पडद्याकडे बघून हे कळत नाही. म्हणून एक साधी तपासणी सुरू केली: प्लेट चालू असताना लांब “आऽऽऽ” म्हणायचं. आवाज कापरा आला तर कंपन छाती-डोक्यापर्यंत पोचतंय. “काका, गुडघे अजून थोडे वाकवा, टाचांवरचा भार जरा पुढे आणा.” वीस-तीस अंश वाकवल्याबरोबर आवाज सरळ झाला. ज्यांना अंशांत सांगून कळत नाही त्यांना स्वतःचा आवाज लगेच कळतो. आता ही प्रत्येक सत्राची पहिली पायरी.

पोटऱ्यांना खाज आणि लाली बऱ्याच जणांना आली. त्वचेतला रक्तप्रवाह वाढल्याने होतं, काही मिनिटांत जातं. आधी सांगितलेलं असेल तर कोणी घाबरत नाही.

९ जुलै

प्लेटवर उभं असताना नाही, प्लेटवरून उतरताना पडण्याचा धोका आहे. कंपन थांबल्यावर काही क्षण पायांखालची जमीन परकी वाटते आणि फळीची उंची असते ती वेगळीच. काका क्र. ७ आज उतरताना एक पाय हवेत शोधत राहिले. मदतनीस मागे होती, काही झालं नाही. नियम: यंत्र थांबल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजायचे, दांडा धरूनच मागच्या खुर्चीत बसायचं, उतरायचं ते बसून झाल्यावर. आधी आणि नंतर रक्तदाब.

१७ जुलै

यंत्र बिघडलं, दुरुस्तीला दोन दिवस लागतील. दोन्ही गटांना बंद प्लेटवरच उभं केलं. वहीत तशी वेगळी खूण.

२९ जुलै

काका क्र. ७ विचारतात, “आकडा अजून बारावरच का? शेजारचे पंधरावर गेले.” आकडा वाढला की आपण सुधारलो, असं सगळ्यांनाच वाटतं. त्यांना दाखवलं की आकडा तोच ठेवून भार एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर घेतला तर मांडी किती जास्त भरून येते. पुढच्या फेरीत हात दांड्यावरून उचलून नुसते टेकवले. तिसऱ्या फेरीनंतर म्हणाले, “हे बारावरचं कठीण आहे.”

मुलींना हेच सांगते. जर्जर माणसाच्या बाबतीत कंपनाची तीव्रता वाढवण्यापेक्षा मुद्रा कठीण करणं सुरक्षित आहे, आणि खुर्चीतून उठण्याच्या जवळही तेच नेतं. कारखान्यात, ट्रकवर काम करणाऱ्यांसाठी शरीराला मिळणाऱ्या कंपनाची दैनिक मर्यादा ठरवलेली असते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या हिशेबाने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गावर उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या पुढे जायचं नाही. आपली फेरी काही सेकंदांची असते आणि पाय वाकलेले असतात, म्हणून तो हिशेब इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण ज्या गोष्टीवर कामगारांसाठी मर्यादा घालावी लागते, ती अशक्त माणसाला सढळ हाताने देण्याची गोष्ट नाही.

१० ऑगस्ट

मधली चाचणी. स्थिर गटही सुधारतोय.

काही जणी हिरमुसल्या, मला मात्र हे फार मोलाचं वाटलं. आजी क्र. ४ हात मांडीवर टेकवून का होईना, पूर्ण उठल्या. त्यांच्या पायाखाली एकदाही काही हललं नाही. त्यांनी केलं काय? आठवड्यातून तीनदा अर्धे गुडघे वाकवून उभ्या राहिल्या, खुर्चीत बसल्या, परत उठल्या. पाच फेऱ्या म्हणजे पाच उठबस, आणि ती कोणीतरी नियमाने करवून घेतली. आमच्या पद्धतीतली विश्रांती खुर्चीत असल्यामुळे विश्रांतीच व्यायाम झाली. पुढच्या तुकडीत या उठण्या-बसण्याची वेगळी नोंद ठेवायची: हात किती टेकवले, बैठक किती उंच.

दोन गटांतलं अंतर लहान आहे आणि इतक्या थोड्या लोकांत त्याचा अर्थ लावणार नाही. लोकांना सांगताना सरासऱ्या न सांगता माणसं सांगायची.

२१ ऑगस्ट

एका सहभागीच्या मुलाने घरासाठी अशी प्लेट घ्यावी का, असं विचारलं. सरळ सांगितलं: वडिलांसाठी एकट्याने वापरायला नको. घरच्या छोट्या प्लेटना बऱ्याचदा धरायला दांडा नसतो, त्वरण किती ते छापलेलं नसतं, आणि उतरताना मागे कोणी नसतं. त्याऐवजी हात असलेली, नेहमीपेक्षा थोडी उंच खुर्ची भिंतीला लावून ठेवा, दिवसातून तीन वेळा पाच-पाचदा उठायला लावा, आणि दर पंधरवड्याला बैठक एक बोट खाली आणा. मुलाने कागदावर लिहून घेतलं, पण मागे वळून प्लेटकडे बघतच गेला. यंत्राचं आकर्षण समजतं. आपल्या माणसासाठी काहीतरी ठोस करावंसं वाटतं, आणि खुर्ची घरात आधीपासून असते.

३ सप्टेंबर

काका क्र. ७ छातीच्या संसर्गाने रुग्णालयात होते, आज परत आले. दहाएक दिवस अंथरुणात गेले. मांडीचा घेर डोळ्यांना दिसेल इतका उतरलाय. २००७ च्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवल्यावर पायांतलं जवळपास एक किलो मांसल वजन घटलं होतं. हे तर आजारी होते.

प्लेटचा खरा उपयोग आज दिसला. खुर्चीतून उठताना त्यांना आता दोघांचा आधार लागतो, अर्धी बैठक अशक्य, वजन लावण्याचा प्रश्नच नाही. पण दोघांनी धरून हिरव्या खुणेवर उभं केलं, १२ हर्ट्झ, वीस सेकंद. पोटऱ्यांवर हात ठेवून पाहिलं: प्लेट बंद असताना मऊ, चालू होताच घट्ट. माणूस स्वतःहून जोर लावू शकत नव्हता तेव्हाही स्नायू कामाला लागला. तीन फेऱ्या केल्या, मध्ये लांब विश्रांती. नाडी आणि ऑक्सिजन प्रत्येक फेरीनंतर. डॉक्टर शेजारी होते.

“पाय माझेच आहेत ना?” असं त्यांनी विचारलं, आणि मी त्यांचा हात त्यांच्या पोटरीवर ठेवला.

१८ सप्टेंबर

अंतिम चाचणी संपली. ठळक तेवढं लिहिते, बाकी तक्ता वेगळा.

आजी क्र. ४ हात छातीवर बांधून पाचही वेळा उठल्या. १९ सेकंद. शून्यावरून एक गुण. या चाचणीत एकूण एका गुणाचा फरक हा माणसाच्या रोजच्या हालचालीत जाणवण्याइतका मोठा मानतात. त्यांची सून म्हणाली, सकाळी पलंगावरून उठताना आता हाक मारत नाहीत. त्या स्थिर गटातल्या.

काका क्र. ७ पूर्वचाचणीच्या पातळीवर परत आले आहेत. आजारपण मध्ये आलं नसतं तर कुठे असते ते सांगता येणार नाही. पण दोन आठवड्यांपूर्वी दोघांच्या आधाराने उठणारा माणूस आज एका हाताने उठतोय. ते कंपन गटातले.

कोणीही प्रकल्पाच्या सत्रात पडलं नाही. गुडघेदुखी वाढल्यामुळे एकजण मध्येच थांबल्या.

२५ सप्टेंबर

बैठक. माझी भूमिका मांडली आणि ती मान्य झाली: प्लेट ठेवायची, पण पहिल्या पायरीसाठी. ज्याला उंच बैठकीवरूनही हात न टेकता उठता येत नाही, किंवा जो नुकता अंथरुणातून उठलाय, त्याच्यासाठी. ५० सेंटिमीटर उंचीवरून तीनदा हात न लावता उठता आलं की प्लेट संपली. तिथून खुर्चीची उंची हळूहळू ४३ सेंटिमीटरपर्यंत आणायची, मग घोट्याला वजनं, मग पायांनी वजन रेटायचं यंत्र (लेग प्रेस). वर्गाच्या कडेला बसलेल्यांना वर्गाच्या मध्ये आणायचं आहे.

डॉक्टरांनी विचारलं, मग प्लेटवर वेळ कमी जाईल, यंत्र रिकामं राहील. राहू दे. एका वेळी दोन-तीनच लोक प्लेटवर असतील तर त्यांच्या मागे उभं राहायला माणूस मिळेल.

पुढच्या तुकडीसाठी बदल: खुर्चीच्या उंचीची नोंद प्रत्येक सत्रात. फेऱ्यांमधल्या उठबशी मोजायच्या, हात टेकले का ते वेगळ्या रकान्यात. मुठीची पकड दर चार आठवड्यांनी. रुग्णालयातून परतलेल्यांसाठी वेगळी वेळ, त्यात डॉक्टर हजर. “आऽऽऽ” तपासणी लेखी पद्धतीत समाविष्ट.

पूर्वचाचणी १ ऑक्टोबरपासून. त्याआधी त्वरणमापक परत मागवून तिन्ही खुणांवर वाचन घ्यायचं, कारण दुरुस्तीनंतर प्लेट पहिल्यासारखीच चालतेय का ते अजून मोजलेलं नाही.